उतार जोत्याबरोबरच बांधा

मंगळवेढ्यात घर बांधायला काढले की पहिला विचार काळ्या मातीचा करावा लागतो. ज्या मातीच्या जोरावर इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तीच पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, जोते चांगले दोन फूट उचलायचे, हे इथला कोणताही गवंडी सांगेल. त्याचे बरोबरच आहे. चुकते ते पुढे. त्या जोत्याला तीन-चार उंच पायऱ्या बसतात, कठड्याचा पत्ता नसतो.

घर बांधतो चाळिशीतला मुलगा. दिवसभर त्यात वावरतात त्याचे आईवडील. जन्मभर वाकून ज्वारी काढलेल्या बायांचे गुडघे आणि कंबर तोवर धरलेली असते. एखादीचे खुब्याचे हाड मोडते, वॉकर येतो, आणि त्या पायऱ्यांपाशी तिचे बाहेर पडणे थांबते. मग उताराची आठवण होते. पण एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे दोन फुटी जोत्याला चोवीस फूट. दारासमोर तेवढी जागा कुठली उरलेली? शिवाय मागाहून नुसता भराव टाकून केलेला उतार काळ्या मातीत खचतो, जोत्यापासून सुटतो आणि मधल्या फटीत वॉकरचा पाय अडकतो. उताराचा पायाही घराबरोबर मुरमापर्यंत गेला पाहिजे. भिंतीलगत नेऊन मध्ये सपाट टप्पा आणि वळण दिले, तर तो लहान जागेतही बसतो.

संडासाचे तर याहून वाईट. अंगणाच्या कोपऱ्यात खोली, अरुंद दार, तेही आत उघडणारे. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारे असावे, भिंतीत धरायला पक्की दांडी असावी, पायाखाली खरबरीत फरशी असावी. बांधतानाच केले तर दर्शनी भागाच्या सजावटीपुढे हा खर्च काहीच नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरले आणि क्षेत्र किमान २५ चौरस मीटर. एवढ्यात लांब उतार बसवणे कठीण, हे मान्य. पण दार कुठल्या बाजूला उघडावे याला पैसे पडत नाहीत. घरकुलाची आखणी होताना पंचायत समितीच्या अभियंत्यांनी आणि परवाना देताना नगरपरिषदेने एवढे तरी विचारलेच पाहिजे.

आणि पाया खोदायला निघालेल्यांनी फक्की टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जागेवर न्यावे. उतार कुठून हवा, संडास किती जवळ हवा, हे त्यांनाच विचारून मग रेघ ओढावी.