संकल्पाची कसोटी

दुष्काळात पाणी जपण्याचा संकल्प सारेच करतात. त्याची खरी कसोटी लागते ती विहीर तुडुंब भरलेल्या वर्षी. पाऊस चांगला झाला की ज्वारी-हरभऱ्याच्या रानात ऊस येतो आणि उन्हाळ्यात विहीर पुन्हा तळ गाठते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या दशकात मृद्‌संधारणाबरोबरच सिंचनासाठी विंधनविहीर न घेण्याचा व ऊस टाळण्याचा नियम केला. तेथे दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवितात. माझ्या मते ध्येयनिष्ठा ती हीच. शेतकरी बंधूंनी पावसाळा संपताच विहिरीचे पाणी मोजून वहीत नोंदवावे व तेवढ्यावरच रब्बीचा बेत आखावा. ग्रामकार्यकर्त्यांनीही सुकाळातच गावात अधिक फेऱ्या घालाव्यात.