सावकाराची वही आणि सरकारचं गुपित



कर्जबाजारी माणूस बेइमान असतो, हे गणित सावकाराचं. तेच गणित अमेरिकेच्या सरकारी कागदावर छापलेलं वाचलं आणि माझं डोकं भणाणलं.

तिथं लष्करात, हेरखात्यात, शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीत गुप्त कागद हाताळायचे तर परवानगी लागते. सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात तिला. ती गेली की बहुतेकदा नोकरीही गेली. तिच्यासाठी एसएफ ८६ नावाचा शंभरावर पानांचा फॉर्म भरायचा. त्यातलं २६ वं कलम सरळ खिशात हात घालतं. गेल्या सात वर्षांत दिवाळं काढलंस? टॅक्स बुडवलास? जुगारात कधीही घालवलेस? कुठलं देणं १२० दिवसांवर थकलं? हप्ते चुकले म्हणून गाडी ओढून नेली? पगारातून परस्पर कापून घेतले? आणि पूर्वी पाच-दहा वर्षांनी व्हायची ती तपासणी आता कायम चालू असते.

जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत तेरा कसोट्या आहेत. सहावी पैशाची. ती म्हणते, जो देणं फेडत नाही तो शब्दाला जागत नाही. आणि जो गळ्यापर्यंत बुडालाय तो विकला जाईल.

दुसरं म्हणणं खोटं नाही. आल्ड्रिच एम्स, सीआयएचा अधिकारी. घटस्फोट, उधळपट्टी, देणी. १९८५ साली गुपितं घेऊन सोव्हिएत वकिलातीत गेला. त्यानं विकलेली माणसं गोळ्या घालून मारली गेली. पण पुढं काय झालं बघा. हाच माणूस ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोखीनं घेतो, जग्वार गाडीतून ऑफिसला येतो, आणि १९९४ पर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. कुठून आला हा पैसा, हेही विचारायचंच असतं म्हणे. पण साहेबाच्या गाडीला कोण विचारणार? थकलेलं बिल मात्र कंप्युटरला लगेच दिसतं.

मग या चाळणीत अडकायचा कोण? छावणीच्या फाटकाबाहेर दुकान मांडून बसलेल्या पगारी-सावकाराकडून उधार घेणारा साधा शिपाई. पगार होईपर्यंत, म्हणजे दोन आठवड्यांसाठी, शंभर डॉलरला पंधरा डॉलर व्याज. वर्षाचा हिशेब करा, ३९० टक्के! आपल्याकडचा पठाणी व्याजवाला लाजेल. २००६ साली खुद्द पेंटॅगॉननं काँग्रेसला सांगितलं की हे लोक आमच्या सैनिकांना नागवतात, त्यांचे क्लिअरन्स जातात. मग त्याच वर्षी कायदा झाला, सैनिकाला ३६ टक्क्यांच्या वर व्याज लावायचं नाही. शिपायाचा कळवळा म्हणून नव्हे, फौज लंगडी पडू नये म्हणून. बाकीच्या गरिबांना बऱ्याच राज्यांत ३९० चालतंच. आणि वसुलीवाला? तो फोनवर दम देतो, पैसे टाक नाहीतर तुझ्या साहेबाला कळवतो, क्लिअरन्स घालवतो.

नियम अगदी आंधळा आहे असं मी म्हणणार नाही. अमुक डॉलरच्या वर कर्ज म्हणजे बाद, असा आकडा त्यात नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, कुणी फसवलं, हे सगळं धरतात. दिवाळं काढलं म्हणूनही दार बंद होत नाही. महिन्याला थोडं थोडं का होईना फेडत असशील, तर ते तुझ्या बाजूनं मोजतात. माणूस पुरता मरतो तो लपवण्यानं. कर्ज असणं गुन्हा नाही. फॉर्मवर मुद्दाम खोटं लिहिणं गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग.

माझं भांडण पुढं आहे. पुरावा द्यायचा तो त्यानंच. १९८८ साली ईगन खटल्यात त्यांचं सुप्रीम कोर्ट बोललं, क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही. शंका उरली की निकाल सरकारच्या बाजूनं. आता सांगा, भाडं थकलं म्हणून सामानासकट रस्त्यावर काढलेल्या माणसानं सात वर्षांच्या पावत्या कुठल्या कपाटातून काढायच्या? ज्या ओकलंडच्या काळ्या पोरांच्या पक्षावरून मुंबईत १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या वस्त्या १९३० च्या दशकात सरकारी नकाशावर लाल रंगवल्या होत्या. म्हणजे इथं कर्ज देणं धोक्याचं. बँकेचं दार बंद करायचं, पोराला व्याजवाल्याच्या दारी पाठवायचं, आणि वर विचारायचं, व्याजवाल्याकडं का गेलास?

ही हवा इथंही आलीय. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं, कर्जाचा इतिहास वाईट म्हणून एका उमेदवाराची नेमणूक रद्द करणारा स्टेट बँकेचा हुकूम कायम ठेवला. आपली कितीतरी पोरं बँकेच्या परीक्षा देतात. बहिणीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला मोबाईलवरून कर्ज काढतात. पोरांनो, फेडलेल्या हप्त्याची एकेक पावती ठेवा. कर्ज मिटलं की बँकेकडून तसं लेखी घ्या. सिबिलमध्ये चुकीचं लिहिलं असेल तर परीक्षेच्या आधीच तक्रार टाका, मुलाखतीच्या आदल्या रात्री नको.