जर्मनीचे दार उघडले, रांगेत कोण?

अमेरिकेने एच-१बी व्हिसाचे दार उघडले तेव्हा तेथे कोण गेले? मुख्यतः ज्यांच्या घरात इंग्रजी आधीच पोचले होते ते. जाताना त्यांनी जातही सामानात बांधून नेली. नाही तर सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा का करावा लागला असता? सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले. त्यावर प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांनी टाहो फोडला. आमच्या वस्त्यांत त्या दिवशी कोणाची चूल विझली नाही.

जर्मनीचे प्रकरण वेगळे आहे. म्हाताऱ्या होत चाललेल्या त्या देशाला केवळ इंजिनिअर नकोत. नर्स, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हरही हवेत. भारतीय कुशल कामगारांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याचे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार केला होता. पहिले लक्ष्य १० हजार तरुणांचे, जर्मन भाषेचे शिक्षण शासनाच्या खर्चाने. आता आयटीआयच्या आणि नर्सिंगच्या वर्गात जाऊन पाहा. तेथे आमची मुले-मुली आहेत.

कारागिरांच्या स्थलांतराने शहर कसे उभे राहते हे सोलापूरला शिकवायला नको. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथली चादर देशभर नेली. पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि आज येथली पोरे पुण्याच्या गाडीत बसतात.

अडते ते भाषेवर. जर्मनीत पूर्ण मान्यतेची नर्स व्हायचे तर बी-२ पातळीची परीक्षा द्यावी लागते. शिकवणी फुकट असली तरी हातावर पोट असलेल्या घरातली मुलगी महिनोन् महिने रोजगार बुडवून वर्गात कशी बसेल? ती गळते, पोटाची ददात नसलेला टिकतो. येथेच दलाल शिरतो. दागिने गहाण ठेवून, पावती न घेता पैसे दिलेले पालक आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. बांधवांनो, नोंदणी नसलेल्या दलालाने परदेशी भरती करणे हा १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने गुन्हा ठरवला आहे. आधी नोंदणी क्रमांक मागा.

नोकरी जर्मनीची, तेथे आरक्षण कसले, असे अधिकारी म्हणतील. मान्य. पण प्रशिक्षणाचा पैसा महाराष्ट्राच्या तिजोरीतला आहे. संविधानाचे कलम १५(४) शासनाला विशेष तरतुदीची मुभा देते आणि कलम ४६ तिला कर्तव्याचे रूप देते. म्हणून भाषावर्गात अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखल्या पाहिजेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या बार्टीने या मुलांना निर्वाहभत्ता दिला तर काय बिघडते? बाबासाहेब स्वतः जर्मन शिकले होते. लंडनच्या शिक्षणकाळात त्यांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते.

सोलापूर जिल्ह्यातून किती नावे नोंदली, त्यांत अनुसूचित जातीची किती आणि मध्येच गळाली किती, हे आम्ही माहिती अधिकारात विचारणार आहोत. इतर जिल्ह्यांतील वकील बांधवांनीही हेच तीन प्रश्न आपापल्या ठिकाणी टाकावेत.