मोटर चालू, टाकी रिकामी : पाणी मुरतंय कुठं?

शेतात ठिबकची नळी फुटली की आपण हातातलं काम टाकून पळतो. घरातला पाइप मात्र महिनोन् महिने भिंतीत गळत असतो आणि कुणी बघत नाही. कारण साधं आहे. गावात नळाला मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची ठरलेली. पाणी गळो नाहीतर न गळो, पावती तेवढ्याचीच. म्हणून शोधायची कुणाला घाई नसते.

आमच्याच घरी मागच्या उन्हाळ्यात टाकी सकाळी अर्धी दिसायची. मी पोरांवर ओरडत होतो. दोष निघाला संडासाच्या फ्लश टाकीत, आतलं रबर झिजलेलं. आवाज नाही, ओल नाही, पाणी गुपचूप भांड्यात जात होतं.

तपासायला पैसे लागत नाहीत. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, सगळे नळ बंद करा, आतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. रात्रभर पाणी कुणी वापरू नका, सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीतून घरात जाणारा व्हॉल्व्हही बंद करा. आता उतरली नाही तर गळती घरातल्या पाइपात किंवा फ्लशमध्ये. तरीही उतरली तर टाकी किंवा तिचा जोड गळतोय. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं की समजा रबर गेलं.

आता हिशोब बघा. हजार लिटरची उभी टाकी चार फूट उंच धरली तर एक इंच म्हणजे साधारण २० लिटर. आठ तासांत एक इंच उतरली तर दिवसाला ६० लिटर गेले. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत. म्हणजे एका माणसाचं पाणी रोज मातीत.

ते कुणाच्या वाट्याचं? शेवटच्या वस्तीचं. तिथं नळ आहे, पण पाणी पोहोचत नाही. मोटर जास्त वेळ चालते, वीजबिल ग्रामपंचायतीवर पडतं.

दुसरा धोका मोठा. आपल्याकडं पाणी एक दिवसाआड येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि गटाराजवळ चीर असेल तर घाण आत ओढली जाते. विहिरीत टीसीएल टाकलं तरी पुढं पाइपात शिरलेल्या घाणीला ते पुरं पडेलच असं नाही. कावीळ, जुलाब असेच घरात येतात. म्हणून पाणी सुटल्यावर नळजोडणीच्या वाटेनं एकदा चालून बघा. ऐन उन्हाळ्यात एखाद्या जागी ओल किंवा हिरवं गवत दिसलं तर खाली पाइप फुटलाय.

घराची तपासणी आपण करू. गावच्या टाकीचीही अशीच रात्रीची तपासणी व्हावी, हा विषय येत्या ग्रामसभेत मांडा. नव्या योजनेची मागणी त्यानंतर करू.