संवेदना म्हणजे जाणीव नव्हे

‘महानगरीय संवेदना’, ‘ग्रामीण संवेदना’, ‘दलित संवेदना’... लघुप्रबंधांची अशी शीर्षके वाचताना आम्हांला प्रश्न पडतो, की यातली संवेदना म्हणजे नेमके काय? चार पानांनंतर तिचीच ‘जाणीव’ होते, उपसंहारात ‘संवेदनशीलता’. हे शब्द समानार्थी मानण्याची सवय आम्ही अध्यापकांनीच लावली आहे. ही केवळ शब्दांची हेळसांड आहे, असे आम्ही मानत नाही.

संवेदना म्हणजे सुखदुःख भोगणे. जाणीव म्हणजे आपण काय भोगतो आहोत हे ओळखणे. न्यायदर्शनाने प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे प्रकार मानले: पहिल्यात वस्तू नाव-जातीवाचून भासते, दुसऱ्यात ती ‘अमुक’ म्हणून कळते. बौद्धांच्या पंचस्कंधांतही वेदना आणि विज्ञान वेगळे आहेत. आमचा भेद नेमका हाच नव्हे. पण भासणे आणि ओळखणे निराळे धरण्याची शिस्त त्या परंपरांत आहे.

ती सोडल्याने दुहेरी अन्याय होतो. एक, ज्यांना भाषा नाही त्यांना संवेदनाही नाही, असे गृहीत धरले जाते. ब्रिटनच्या २०२२च्या कायद्याने पृष्ठवंशीय प्राण्यांबरोबर ऑक्टोपस आणि खेकडे यांनाही संवेदनक्षम मानले. त्यांच्याकडे आत्मभानाचा दाखला मागितला नाही. आपण मात्र व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधली (१९८२) वानरे दिसताच ‘मानवी सत्ताकारणाचे रूपक’ असा शेरा मारून मोकळे होतो. वानराचे भय वानराचेच असू शकते, हे आपल्याला सुचत नाही.

दुसरा अन्याय उलट दिशेचा. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. जातीचे दुःख त्याआधी शतकानुशतके भोगले गेलेच होते. नवे होते ते त्या दुःखाचे कारण ओळखून त्याला नाव देणे. ही जाणीव आंबेडकरी विचाराने घडवली. तिला ‘दलित संवेदना’ म्हणणे म्हणजे विचाराची रवानगी कळवळ्याच्या खात्यात करणे. कळवळ्याला दाद देता येते. विचाराला उत्तर द्यावे लागते. ते टाळण्याची ही सोय आहे.

साहित्यात भोग आणि भान एकजीव असतात, मग ही चिरफाड कशाला, असे काही सहकारी विचारतात. एकजीव व्हायला आधी दोन असावे लागतात, एवढेच आमचे उत्तर. यापुढे लघुप्रबंध हाती आला, की आम्ही पहिल्याच पानाला विचारणार आहोत: इथे भोगते कोण, आणि ओळखते कोण?