पाहुण्याची चेन, यजमानाचं घर आणि खोली झाडणारी बाई
पर्यटन संचालकांना खुलं पत्र

मा. संचालक,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन यांस,


मे महिन्यातला रविवार. तारकर्ली, गुहागर, दिवेआगर इथल्या घरगुती सोयीच्या खोल्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात. चादरी धुवायला पडतात, चार वाजता पुढचं बुकिंग यायचं असतं. अशात सकाळी गेलेल्या पाहुण्यांचा फोन येतो : बायकोची सोन्याची चेन सापडत नाही, उशीखाली बघता का? यजमान बघतात, नसते. तासाभरानं पुन्हा फोन, या वेळी आवाज चढलेला. तिसऱ्या फोनवर मात्र चेनबद्दल कुणी विचारत नाही. प्रश्न येतो तो एवढाच : खोली झाडायला कोण आलं होतं?

हे पत्र त्या तिसऱ्या फोनबद्दल आहे.

घरात पाहुणे ठेवण्याच्या धंद्याला सरकारनं गेल्या काही वर्षांत बरंच बळ दिलं. पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी-निवास योजना जुनीच. २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं, २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलाकेंद्री धोरण आलं आणि त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळू लागला. केंद्राच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा आहे आणि मालकानं त्याच घरात राहायचं अशी अट. म्हणजे चोरीची तक्रार येते ती एखाद्या कंपनीच्या कार्यालयात येत नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात येते, फोडणी गॅसवर असताना. मोठ्या हॉटेलात अशा वेळी ड्यूटी मॅनेजर असतो, सुरक्षा विभाग असतो, कुठल्या कार्डानं दार किती वाजता उघडलं याची यंत्रात नोंद असते, विमा कंपनी असते, वकील असतो. घरगुती यजमानाकडे खिळ्याला टांगलेली किल्ली असते आणि वाडीवरून कामाला येणारी एक बाई.

नोंदणीच्या वेळी खोल्या, स्वच्छतागृहं, पाण्याची सोय यांची पाहणी होते. चोरीचा आरोप आला तर काय करायचं, हे मात्र यजमान एकमेकांना विचारून शिकतात, आणि जे शिकतात त्यातलं निम्मं धोक्याचं असतं.

एक यजमान भडकतो. ‘आमच्याकडे असलं कधी झालेलं नाही’ म्हणून फोन आपटतो. पाहुण्याची चेन खरोखरच गेली असेल, तर त्याच्यावर हा दुसरा अन्याय. दुसरा यजमान घाबरतो आणि वाईट रिव्ह्यू पडू नये म्हणून फोनवरूनच पाच-दहा हजार पाठवून मोकळा होतो. ‘पैसे दे, नाहीतर वाईट लिहितो’ अशी धमकी एअरबीएनबीसारख्या मंचांच्या नियमांत बसत नाही आणि तिचा मेसेज जपून ठेवला तर तक्रार करता येते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तिसरा यजमान कामवालीला बोलावतो, तिची पिशवी ओतायला लावतो, फार तर शेजारणीला मध्ये घेऊन तिची झडती घेतो. गावात संध्याकाळपर्यंत बातमी होते. दुसऱ्या दिवशी चेन पाहुण्यांच्याच बॅगेच्या अस्तरात सापडली, तरी त्या बाईला पुढच्या सीझनला कामावर कोण बोलावणार?

ही भीती मनानं रचलेली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिरुवनंतपुरमच्या पेरूरकडा पोलीस ठाण्यात घरकाम करणाऱ्या एका दलित महिलेला सोनसाखळी चोरल्याच्या संशयावरून रात्रभर बसवून ठेवण्यात आलं. साखळी नंतर तक्रार करणाऱ्या मालकिणीच्याच घरात मिळाली. प्रकरण गाजलं, मे महिन्यात संबंधित उपनिरीक्षक निलंबित झाला. ते घर होमस्टे नव्हतं, आणि केरळ कोकणापासून लांब आहे. पण साखळी, कामवाली आणि पोलीस ठाणं हा क्रम ठरल्यासारखा कसा लागतो, ते तिथे दिसलं. यजमानाच्या घरात तर मालक आणि कामवाली यांच्यामध्ये आणखी एक माणूस असतो : पैसे मोजून आलेला पाहुणा. तो यजमानाला ओळखत नाही आणि कामवालीला तर त्यानं धड पाहिलेलंही नसतं.

कायदा यजमानाला वाटतो तेवढा अवघड नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. राहत्या घरातल्या चोरीसाठी तिचं कलम ३०५ आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे. पाहुणे पुण्याला पोहोचले असले तरी त्यांना मालवणला परत यावं लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ते पुण्यातल्या ठाण्यात तक्रार देऊ शकतात आणि ती पुढे मालवणकडे वर्ग होते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. प्रत्यक्षात ठाण्यावर ‘गहाळ म्हणून लिहून द्या’ असा सल्ला मिळतो, आणि सीझनच्या गर्दीत तो दोघांनाही सोयीचा वाटतो. मोबाइल खरोखरच हरवला असेल तर गहाळचा दाखला उपयोगी आहे; तो जोडून केंद्राच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. पण ज्याला चोरीचा संशय आहे त्याला गहाळचा कागद देऊन वाटेला लावलं की तपास होत नाही आणि संशय तसाच राहतो, तोही खोली झाडणाऱ्या बाईच्या डोक्यावर.

त्या बाईचीही बाजू कायद्यात आहे. साक्षीदार म्हणून माहिती घ्यायची असेल तर पोलिसांना महिलेला ठाण्यावर बोलावता येत नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ तेच सांगतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं. आणि यजमानाला तर कुणाची झडती घेण्याचा अधिकारच नाही, कामवालीचीही नाही आणि पाहुण्यांचीही नाही. चेन मिळेपर्यंत तिला खोलीत कोंडून ठेवणारा यजमान स्वतःच अन्यायानं अडकवून ठेवण्याच्या गुन्ह्यात येतो.

मग यजमानानं करायचं काय? थोडंच, पण लगेच आणि ठरलेल्या क्रमानं. पहिल्या फोनवर ‘हो’ही म्हणायचं नाही आणि ‘शक्यच नाही’ही म्हणायचं नाही. वस्तू कुठली, शेवटची कधी पाहिली, कुठे ठेवली होती, हे पाहुण्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून मागायचं. दोन दिवसांनी तपशील बदलतात, लिहिलेलं बदलत नाही. खोली झाडायची थांबवून कुलूप लावायचं. शोध घ्यायचा तो दोघांनी मिळून आणि फोनवर चित्रीकरण करत : गादी आणि पलंगाच्या फळीमधली फट, उशीचे अभ्रे, न्हाणीतली जाळी, दारामागचा हूक, धुवायला टाकलेल्या चादरी. मशीन सुरू असेल तर आधी ते बंद. त्या दिवशी किल्ली कुणाकुणाकडे होती, नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता का, गाडीवाला सामान घ्यायला आत गेला होता का, याची यादी करायची. हे सगळं तारीख-वेळेसह एका वहीत लिहून पाहुण्याला कळवायचं : एवढं आम्ही केलं, मिळालं नाही, तुम्हाला तक्रार द्यायची असेल तर ठाण्याचं नाव आणि नंबर हा, आमचं सहकार्य राहील. बुकिंग ज्या मंचावरून आलं त्यालाही त्याच दिवशी कळवायचं. पैशांचं बोलणं त्यानंतर, आणि तेही लेखी.

यात चोर शोधणं कुठेच नाही, हे मुद्दाम. ते काम पोलिसांचं. यजमानानं पुरावा जपायचा, नोंद करायची आणि आपल्या घरात उभ्या असलेल्या दोन्ही माणसांना, पाहुण्याला आणि कामवालीला, सारखं वागवायचं.

चोरीचा विषय निघाला की बैठकीत कुणीतरी सीसीटीव्ही सुचवतंच. गेटवर आणि पडवीत कॅमेरा जरूर असावा, त्याची पाटीही असावी. आणि तक्रार आल्याबरोबर त्या दिवसाचं चित्रण वेगळं काढून ठेवावं, कारण यंत्र काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहून टाकतं. खोलीच्या आत मात्र कॅमेरा नाहीच. एअरबीएनबीनं ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे जगभर बंद केले, पाहुण्याला आधी सांगितलेले असले तरीही. आणि कपडे बदलणाऱ्या बाईचं चित्रण करणं हा आपल्याकडे सरळ फौजदारी गुन्हा आहे. चेन वाचवायला निघालेला यजमान त्याहून मोठ्या गुन्ह्यात सापडू शकतो.

आता जबाबदारीचा प्रश्न. ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ ही पाटी जवळपास प्रत्येक होमस्टेत दिसते. तिच्यावर किती विसंबावं? १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका ग्राहकानं आपली मारुती झेन आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवली, आणि रात्री तिघांनी ती पळवली. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं हॉटेललाच जबाबदार धरलं : वस्तू ताब्यात घेतल्यावर तुमच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील ओळीनं झटकता येत नाही. त्या निकालात सोपवलेल्या वस्तूचा प्रश्न होता, पाहुण्यानं स्वतःच उशाशी ठेवलेल्या चेनचा नाही. तरीही यजमानांनी त्यातून एवढं घ्यावं की पाहुण्यानं ‘हे जरा ठेवून घ्या’ म्हणून दिलेलं पाकीट पावतीशिवाय घरच्या कपाटात ठेवू नये. आणि कडी न लागणारी खिडकी किंवा सगळ्या खोल्यांना चालणारी एकच किल्ली असेल, तर पाटीकडे बोट दाखवून सुटका होईल असं धरून चालू नये. घराच्या साध्या विम्यात बहुधा घरमालकाचंच सामान धरलेलं असतं. काही मंचांच्या यजमान-विम्यात पाहुण्याच्या सामानाची चोरीही बसते, पण फोनवरून थेट बुकिंग घेणाऱ्या काकांना त्याचा उपयोग शून्य, आणि कोकणात थेट बुकिंग घेणारे पुष्कळ.

चोरीनं गावाचं काय होतं, हे दिवेआगरला विचारावं. १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत सापडलेला सुवर्णगणेश २०१२ च्या मार्चमध्ये चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले, सोनं वितळवलं गेलं. दर्शनाला येणारी गर्दी ओसरली आणि खानावळी, खोल्या यांचा धंदा बसला. नवी मूर्ती बसायला २०२१ उजाडलं. पाहुण्याच्या चेनची त्या घटनेशी बरोबरी नाही. पण पाहुण्यांवर जगणाऱ्या गावाला विश्वास तुटण्याची किंमत माहीत आहे, म्हणूनच तिथला यजमान आरोप आला की आधी घाबरतो आणि मग चुकतो.

संचालनालयाकडून मागणं मोठं नाही. नोंदणी प्रमाणपत्रासोबत मराठी, हिंदी, इंग्रजीत एक पानाचा तक्रार-नमुना द्यावा : वस्तू, वेळ, शोध, हजर माणसं, दोघांच्या सह्या. त्याच पानावर ठळक ओळ असावी की कामगाराची झडती घ्यायची नाही आणि त्याच्या पगारातून भरपाई कापायची नाही. ‘आई’ धोरणातून कर्ज घेणाऱ्या महिलांच्या प्रशिक्षणात या विषयाला अर्धा दिवस द्यावा, आणि एखाद्या ठाणे अंमलदाराला तिथे येऊन बोलायला सांगावं. भिंतीत बोल्टनं बसवायच्या छोट्या तिजोरीचा खर्च योजनांत धरावा. चार-पाच हजारांची ती पेटी निम्मी भांडणं मिटवेल, असा किनाऱ्यावरच्या कुठल्याही अनुभवी यजमानाचा अंदाज असतो. नोंदणीकृत यजमानांसाठी पाहुण्यांच्या सामानासकट एखादी सामूहिक विमा पॉलिसी काढता येते का, ते विमा कंपन्यांशी बोलून पाहावं. एकट्यादुकट्या काकांशी कंपनी बोलणार नाही, संचालनालयाशी बोलेल. आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या पोलीस अधीक्षकांना एक पत्र जावं, की चोरीची तक्रार गहाळमध्ये लिहून घेऊ नका आणि कामवालीला ठाण्यावर बसवून ठेवू नका.

दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं गणपती उरकले की सुरू होतात. तक्रार-नमुन्याचा मसुदा त्याआधी तयार झाला, तर तो मंत्रालयात अंतिम करण्यापूर्वी मालवणात आणि अलिबागेत एकेक बैठक लावून वाचून दाखवावा. बैठकीला यजमानांबरोबर त्यांच्याकडे खोल्या झाडणाऱ्या बायकांनाही बोलावावं, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडू देऊ नये.