सोयीचा वारा
मांडव्याहून गेटवेला शिडाची होडी आणायची, तर हल्ली धक्क्यावर आधी मोबाइल निघतो आणि ज्या हवामान-मॉडेलचा वारा सोयीचा, तेच खरं ठरतं. अमेरिकी जीएफएस ८ नॉट सांगतं, युरोपीय मॉडेल १४. मंडळी बिनदिक्कत आठवाल्याच्या बाजूला! खरं तर एवढी तफावत दिसली की अंदाज अजून कच्चा आहे असं समजावं आणि १४ धरूनच शीड बांधावं, कारण ८ चे १४ झाले की शिडावरचा जोर तिप्पट होतो. शिवाय युरोपीय मॉडेलची एक चौकट साधारण ९ किलोमीटरची. तेवढ्यात खाडीचं तोंड, डोंगराची सोंड आणि समुद्र सगळंच एकत्र. जमिनीवरची मतलई पडून समुद्रावरचा खारा वारा नेमका केव्हा धरेल, हे तिथे कुठून कळणार? प्रवाहाचं दुखणं निराळंच. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचे अंदाज बघावेतच, पण खाडीत शिरायचं तर भरती-ओहोटीचं कोष्टक आणि तिथी हवी. अमावास्या-पुनवेच्या उधाणाची ओहोटी जोरात बाहेर निघालेली आणि समोरून पश्चिमेचा वारा, की दाभोळच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहतात. वाऱ्याचा नकाशा तेव्हाही निवांत हिरवा असतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्यात, तीच वाट बरीच सोपी. आणि हो, ही मॉडेलं दिवसातून ४ वेळा नव्याने गणित मांडतात, तेव्हा रात्री जपून ठेवलेलं चित्र सकाळी शिळं. हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिला असेल, तर मात्र मॉडेलांची तुलना नकोच. होडी बांधून ठेवावी.